चावडीची पायरी

गावाकडच्या लग्नात जेवणं उरकली आणि मांडवात चार उतारवयाची माणसं खुर्च्या जवळ ओढून बसली, की एक वाक्य हमखास येतं. पूर्वी गाव एक होतं, आता कुणाला कुणाचं पडलेलं नाही. मग यात्रेच्या वर्गणीची आठवण निघते. सार्वजनिक विहिरीचा गाळ काढायला घरटी एक माणूस यायचा, कुणाच्या गंजीला आग लागली तेव्हा सारा गाव कळश्या-बादल्या घेऊन धावला होता, हे सगळं पुन्हा एकदा सांगून होतं. त्या खुर्च्यांमध्ये मीही असतो. माझ्याकडेही अशा आठवणी आहेत आणि त्या खोट्या नाहीत. फक्त त्या सगळ्या गावाच्या नाहीत. आमच्या वेशीबाहेरच्या वस्तीतला, माझ्याच वर्गात शिकलेला माझा मित्र कधीतरी त्या घोळक्यात येऊन बसतो, तेव्हा तो या गोष्टी शांतपणे ऐकून घेतो. त्याला ‘पूर्वी’चं विचारलं, तर तो दुसरंच गाव सांगतो.

कृष्णाकाठच्या आमच्या गावात सत्तरच्या दशकात ग्रामपंचायत चावडीतच भरायची. दगडी जोतं, कौलारू छप्पर, पुढं लाकडी खांबांची पडवी. आत जाजम, भिंतीला लोड, कोपऱ्यात तलाठ्याची दप्तरं, वर गांधी-नेहरूंच्या तसबिरी. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन आणि बागायतदार मंडळी आत जाजमावर बसत. सुतार, न्हावी, कुंभार, धनगर पडवीत. वस्तीतली माणसं पायऱ्यांच्या खाली, लिंबाच्या सावलीत उकिडवी. बायका कुठंच नसत; फार तर शेजारच्या मारुतीच्या देवळाच्या भिंतीआड दोघी-तिघी उभ्या राहून कान देत. कुणी कुणाला उठवत नसे, कुणी कुणाला बसवत नसे. ज्याला त्याला आपली जागा पाठ होती.

१९५८च्या ग्रामपंचायत कायद्यानं अनुसूचित जातींना राखीव जागा दिल्या होत्या. त्यामुळं पंचांमध्ये एक जण वस्तीतला असे. तो खालच्या पायरीवर बसायचा. ठरावाचं बुक आतून पडवीत आणि पडवीतून पायरीवर यायचं, त्याचा अंगठा घेऊन परत आत जायचं. कागदोपत्री सगळं रीतसर होतं.

सभेची दवंडी द्यायचं काम कोतवालाकडं होतं. पिकल्या मिशांचा, उंचापुरा, खणखणीत गळ्याचा माणूस. महार वतन कायद्यानं संपून बरीच वर्षं झाली होती, पण गावाच्या मनातून ते संपलेलं नव्हतं, आणि आम्ही दहा-बारा वर्षांची पोरं त्याला खुशाल ‘अरे’ म्हणायचो. तो गल्लोगल्ली फिरून साऱ्या गावाला सभेला बोलवायचा आणि सभा सुरू झाली की स्वतः पायऱ्यांखाली उभा राहायचा. आज हे लिहिताना माझा हात जड होतो. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं आमच्या घरात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही, आणि आमचं घर तर गावात सुधारक म्हणून ओळखलं जायचं.

गाव एक होतं ते अशा रीतीनं. ज्याला जाजमावर जागा होती, त्याला ते एक दिसायचं.

पाण्याची गोष्ट याहून जुनी आहे आणि तिचा पहिला धडा एका नगरपालिकेनंच महाराष्ट्राला दिला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेले किंवा सार्वजनिक खर्चानं चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. नगरपालिकेत सुरबानाना टिपणीसांसारखी माणसं होती म्हणून ते घडलं. पण ठराव बुकात राहिला. तळ्यावर कुणी गेलं नाही, कारण जाणाऱ्याच्या पाठीशी उभं राहण्याची तजवीज नगरपालिकेनं केली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा तो तीन वर्षांपूर्वीचा ठराव पहिल्यांदा जमिनीवर उतरला. त्यानंतर माणसांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचा भाग कमी जणांना आठवतो. त्याच नगरपालिकेनं ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, आपलाच ठराव मागं घेतला. पुढं प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागायला मार्च १९३७ उजाडला.

स्थानिक स्वराज्य संस्थांबद्दल मी जेव्हा जेव्हा विचार करतो, तेव्हा महाडपाशी येतो. माणसाच्या सर्वांत जवळची सत्ता ती हीच. तळ्याचं दार उघडण्याचा अधिकार तिच्याकडं आहे आणि बंद करण्याचाही. मुंबई-दिल्लीचे कायदे कितीही चांगले असले तरी पाणवठ्यावर कुणाची घागर आधी लागणार, हे ठरतं गल्लीत.

आमच्या गावात दोन आड होते, एक वेशीच्या आत, एक बाहेर. बाहेरचा उन्हाळ्यात आटायचा. मग वस्तीतल्या बायका आतल्या आडाजवळ घागरी ठेवून लांब उभ्या राहायच्या आणि कुणी वाढील तेवढं पाणी घेऊन जायच्या. वाढणारी बाई बहुधा घाईत असे. बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ ही हाक देत सत्तरच्या दशकात गावोगाव फिरत होते, तेव्हा आमच्या तालुक्यातही त्याची चर्चा झाली. आमच्या चावडीत मात्र हा विषय पटलावर कधी आला नाही. पुढं नळयोजना आली, टाकी उभी राहिली, आधी चौकाचौकात कोंडाळी आणि मग घरोघर तोट्या आल्या. आडाचा प्रश्न न विचारताच मिटला. आज आतला आड कचऱ्यानं भरलाय आणि माझ्या मित्राच्या घरात तोटी आहे. मला याचा आनंद आहे, मनापासून आहे. पण टाकीपासून निघालेली जलवाहिनी वस्तीत सर्वांत शेवटी पोहोचते. उन्हाळ्यात आमच्याकडं पाऊण तास पाणी असतं तेव्हा तिथं करंगळीएवढी धार असते. यात कुणी कुणाचा द्वेष केलेला नाही. नकाशा काढणाऱ्यानं टाकी जिथं उंचवटा होता तिथं ठेवली, आणि उंचवट्यावर कुणाची घरं होती हे शेकडो वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं. जुनी वाटणी नव्या योजनेत अशी आपोआप झिरपते. ती थांबवायची तर ग्रामपंचायतीला मुद्दाम वेगळी वाहिनी टाकावी लागते, व्हॉल्व्ह सोडणाऱ्याला वेळापत्रक बांधून द्यावं लागतं. शेजारच्या एका गावानं तसं केलं. आठवड्यातले तीन दिवस पाणी आधी शेवटच्या गल्लीला सोडतात. इतकी साधी गोष्ट.

मला त्या जुन्या गावातल्या एका गोष्टीची मात्र खरीखुरी ओढ लागते, ती म्हणजे पंचायतीच्या मालकीच्या आणि सगळ्यांच्या वापराच्या वस्तू. चावडीच्या पडवीत पंचायतीचा रेडिओ होता, लाकडी पेटीत कुलपात ठेवलेला. संध्याकाळी शिपाई कुलूप काढायचा आणि बाहेर टांगलेल्या कर्ण्यातून बातम्या, बाजारभाव, शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू व्हायचा. जाजम आणि पायरी यांच्यातलं अंतर त्या आवाजाला ठाऊक नव्हतं. लिंबाखाली बसलेल्या माणसाला बाजारभाव तितकाच स्पष्ट ऐकू यायचा. पुढं पंचायतीनं टीव्ही घेतला. १९८७च्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा मी शिकून नोकरीला लागलो होतो, पण सुट्टीत गावी आलो की पटांगणात काय गर्दी असायची ते पाहायचो. बायका उंबरठ्याबाहेर पडून पटांगणात येऊन बसल्या, त्या बहुधा पहिल्यांदाच. पोरं तर एकमेकांच्या अंगावर रेलून बसायची. जिथं गर्दीत जागाच नाही तिथं कोण कुणाला शिवलं हे बघणार कोण? माझ्या मित्राची मुलगी आणि माझी पुतणी त्या गर्दीत मैत्रिणी झाल्या. आजही आहेत.

मग घरोघर टीव्ही आले, पुढं हातोहात मोबाईल. पटांगणाचं व्यापारी गाळ्यांमध्ये रूपांतर झालं, पंचायतीला भाड्याचं उत्पन्न सुरू झालं. ग्रामपंचायतीची नवी इमारत टाइल्सची आहे, आत सगळ्यांना सारख्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. पायरीखाली कुणी बसत नाही. पण खुर्च्या रिकाम्या असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नसते. सूचना व्हॉट्सॲपवर येते, अंगठ्याची खूण टाकून माणसं मोकळी होतात. तेव्हा एकत्र येण्याच्या जागा होत्या पण तिथं बसण्याचा हक्क निम्म्या गावाला नव्हता. आता हक्क सगळ्यांना आहे आणि जागा विरत चालल्या आहेत. सर्वांना सामावून घेणारं गाव घडवायचं असेल तर ग्रामपंचायतीनं गटारं आणि पेव्हर ब्लॉक यांच्या पलीकडं जाऊन अशा जागा बांधल्या पाहिजेत, असं मला कळकळीनं वाटतं.

अशी एक जागा आमच्या गावात अलीकडं झाली आहे. शाळेच्या जुन्या दोन खोल्या दुरुस्त करून पंचायतीनं अभ्यासिका काढली. टेबलं, दिवे, वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि थंड पाण्याचं यंत्र. १४व्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला आणि काय करायचं हे गावानं आराखड्यात ठरवायचं, असं आलं. त्या पैशातून बहुतेक गावं कमानी बांधतात. आमच्या गावानंही आधी कमानच धरली होती. पोरांनी ग्रामसभेत येऊन हट्ट केला म्हणून अभ्यासिका झाली. पोलीस भरती, तलाठी भरती, बँकेच्या परीक्षा करणारी चाळीसेक मुलं-मुली तिथं रात्री अकरापर्यंत बसतात. मी एकदा डोकावलो तर कोण कुठल्या आळीतलं हे मला सांगता येईना. थंड पाण्याच्या यंत्राला स्टीलचा एकच पेला साखळीनं बांधलेला आहे.

बायकांचं म्हणाल तर तिथं तेव्हा आणि आता यांत सर्वांत मोठं अंतर पडलं आहे. १९६३ साली बारामती तालुक्यातल्या निंबूत गावानं ग्रामपंचायतीवर सगळ्या बायकाच निवडून दिल्या होत्या, पण अशी गावं बोटावर मोजण्याइतकीच. ७३व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. आमच्या गावची पहिली महिला सरपंच झाली तेव्हा खुर्चीत तिचे यजमान बसायचे आणि ती घरून सह्या करून पाठवायची. गाव त्याला हसायचं, पण चालवून घ्यायचं. दुसरी सरपंच झाली ती वस्तीच्या अलीकडच्या आळीतली, बचत गट चालवलेली. तिनं ग्रामसभेच्या आधी भरवायची महिला सभा, जी तोवर फक्त कागदावर व्हायची, ती खरोखर भरवली, आणि तीही संध्याकाळी, शेतातून बायका परतल्यावर. पहिल्याच सभेत विषय आले ते कुणा पुरुष पंचाच्या डोक्यात कधी आले नव्हते. नदीच्या वाटेवर दिवा नाही. शाळेत मोठ्या मुलींच्या शौचालयाला कडी नाही. रेशन दुकान बायका कामावर असतात तेव्हाच उघडतं. एका म्हातारीनं उठून विचारलं, स्मशानाच्या वाटेवर पूल कधी होणार, पावसाळ्यात आम्ही मेलो तर काय करायचं. जिथून प्रश्न दिसतो तिथं माणूस बसलं, की प्रश्न बुकात येतो. राखीव जागांचा मला समजलेला उपयोग हा आहे.

हेरवाडची गोष्ट तर मी भेटेल त्याला सांगतो. शिरोळ तालुक्यातलं हे गाव. करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनात गेलेल्या एका सहकाऱ्याच्या घरी त्याच्या पत्नीचं कुंकू पुसलं जाताना, बांगड्या फोडल्या जाताना पाहिलं आणि हे बदललं पाहिजे असं ठरवलं. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असं त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं आणि ग्रामपंचायतींना ठराव करण्याची विनंती केली. हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी तसा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला दोन दिवस उरले होते. त्याच जिल्ह्यातल्या माणगावनंही मग तसा ठराव केला. माणगाव म्हणजे १९२० साली जिथं परिषद भरली आणि शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांकडं बोट दाखवून हा तुमचा पुढारी, असं सांगितलं, ते गाव. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं.

माझी आजी वयाच्या तिशीच्या आत विधवा झाली. ती कुठल्याही हळदी-कुंकवात पुढं आली नाही, नातवांच्या लग्नात अक्षता टाकायला मागच्या दारात उभी राहिली. तिच्यावर कुणी सक्ती केली असं म्हणता येणार नाही, कारण तिला विचारणारंच कुणी नव्हतं. अशा ठरावाला कायद्याच्या दंडाचं बळ नाही, हे मला समजतं. पण गावाच्या बुकात लिहिलेलं असतं, तेव्हा ज्या सुनेला बांगड्या फोडायच्या नाहीत तिला ‘गावानं ठरवलंय’ एवढं म्हणता येतं. एकट्या बाईला एवढा आधार पुष्कळ असतो. ठराव झालेल्या गावांत सगळीकडं प्रथा थांबल्या असं मी म्हणणार नाही. जिथं सरपंच आणि आशाताई मयताच्या घरी त्या दिवशी स्वतः जाऊन बसतात तिथं थांबतात. महाडच्या १९२४च्या ठरावाला हीच माणसं मिळाली नव्हती.

कितीतरी बदल असे आहेत की माझ्या लहानपणी कुणी सांगितले असते तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या जागेसाठी भरलेला अर्ज आधी नामंजूर झाला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, अर्ज मान्य झाला आणि २०२१ मध्ये गावानं त्यांना निवडून दिलं. आमच्या गावात यात्रेच्या दिवशी यायचे ते जोगते वेशीबाहेरच्या धर्मशाळेत मुक्कामाला असत. त्यांनी पंचायतीत यावं हा विचार कुणाच्या स्वप्नात नव्हता. हिवरे बाजारात पोपटराव पवार आणि ग्रामस्थांनी पाण्याचं काय केलं ते जगाला माहीत आहे, पण मला त्या गावाची आवडणारी गोष्ट वेगळी आहे. तिथं मुसलमानाचं एकच घर होतं आणि त्या एका घरासाठी गावानं मशीद बांधली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं तर बहुमताचाच मार्ग सोडला. देवाजी तोफांच्या त्या गावात निर्णय होतो तो सर्वांच्या संमतीनं. एक जरी माणूस नाही म्हणाला तरी बोलणं पुढं चालू राहतं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. एकोणपन्नास हरले आणि एकावन्न जिंकले, असा हिशेब तिथं नाही.

आणि अजून न हललेलं? स्मशान. आमच्या गावात दोन आहेत. एकाला पत्र्याची शेड, बाकडी, पाण्याची टाकी. दुसरं ओढ्याच्या पलीकडं, उघड्यावर. माझ्या मित्राच्या वडिलांना आम्ही जुलैच्या पावसात नेलं, तेव्हा चितेवर ताडपत्री धरून उभे राहिलो. ज्या माणसाबरोबर मी पहिलीपासून डबा खाल्ला, त्याच्या वडिलांना अग्नी देताना ओढा ओलांडून जावं लागलं. गेल्या पाच वर्षांत हा विषय ग्रामसभेत दोनदा आला आणि दोन्ही वेळा ‘पुढील सभेत’ असा शेरा पडला. डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं आली. आमच्या वस्तीच्या तोंडाशीही नवी पाटी लागली, आणि पोस्टाचा पत्ता बदलल्यावर माझ्या मित्राच्या नातवानं पहिल्यांदा मित्रांना घरी बोलावलं, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून पाट्यांना मी कमी लेखत नाही. पण नव्या पाटीपासून जुन्या ओढ्यापर्यंतचं अंतर पंचायतीनं अजून चाललेलं नाही. दिव्यांगांसाठी उत्पन्नाचे ५ टक्के राखून ठेवायचे असतात. ते मार्चअखेरीला धनादेश वाटून संपतात आणि पंचायतीच्या दाराशी मात्र चढायला तीन पायऱ्या आहेत, उतार नाही. हे दुरुस्त करायला एक गवंडी आणि दोन दिवस लागतील.

आता वेस कुठं आहे, हा प्रश्न मला सध्या सर्वांत जास्त छळतो. दगडी वेस तर रस्ता रुंद करताना पडली. पण दसरा-दिवाळी झाली की बीड, पाथर्डी, जतकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. आमच्या ऊसपट्ट्यात हे पूर्वीपासून आहे; लहानपणी बैलगाड्यांच्या रांगा रात्री गावातून जायच्या आणि घुंगरांच्या आवाजानं आम्ही जागे व्हायचो, ती आठवण आम्ही सगळेच मोठ्या हौसेनं सांगतो. त्या गाड्यांबरोबरची माणसं कुठं राहायची, कुठलं पाणी प्यायची, हे आमच्या आठवणीत नाही. आजही ती गायरानात, कॅनॉलच्या कडेला पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोप्या घालून पाच-सहा महिने राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते आणि पोरगं पाठीशी बांधून फडात जाते. पिण्याचं पाणी कॅनॉलचं किंवा कुणा बागायतदाराच्या मोटरीवरचं, तेही त्याच्या मर्जीवर. शौचाला अंधार पडायची वाट.

मी हा विषय काढला तेव्हा एक जुने, भले पंच म्हणाले, “अहो मास्तर, ती माणसं आपल्या गावची नाहीत. त्यांचं मतदान तिकडं.” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. माझ्या लहानपणी वस्तीबद्दल याच सुरात बोललं जायचं. राज्य सरकारनं २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहं सुरू केली, त्यांच्या मूळ गावच्या ग्रामसेवकांनी त्यांची नोंद करून ओळखपत्रं द्यावीत असंही ठरलं. हे सगळं त्यांच्या गावी. जिथं ती अर्धं वर्ष राबतात, जिथल्या कारखान्याची चिमणी त्यांच्यामुळं पेटते, तिथली ग्रामपंचायत त्यांना ओळखत नाही. मतदारयादी हे नवं गावकूस झालं आहे. बांधकामावरचे उत्तरेकडचे मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबं, पोल्ट्रीवर राहणारी जोडपी, सगळी त्याच्या बाहेर आहेत.

निवृत्तीनंतर माझं मतदान आता गावातच आहे. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. येणाऱ्या टोळ्यांसाठी गायरानात दोन नळकोंडाळी, बायकांसाठी चार तात्पुरती शौचालयं आणि दिव्याचा एक खांब, असा विषय मी लेखी दिला आहे. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधलेला असतो, त्यामुळं पैशाची अडचण सांगता येणार नाही. त्याच पत्रात ओढ्यापलीकडच्या स्मशानाच्या शेडचा विषयही तिसऱ्यांदा घातला आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदक माझा मित्र. महिला सभेत हे दोन्ही विषय आधी मांडायचं बचत गटाच्या बायकांनी कबूल केलंय, आणि अभ्यासिकेतली पोरं गणपूर्तीला येतो म्हणालीत.